पाय टेकले का?

कळसूत्री बाहुलीला उडवणं सोपं असतं. हात वर केला की ती उडाली. नवशिक्याच्या हाती बाहुली दिली की पहिल्या मिनिटात ती दोन-तीनदा उडतेच, आणि उडत नसते तेव्हा गुडघ्यांतून खचून बसलेली असते. या दोहोंच्या मधे, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या अंतरात, एक जागा असते. तिथे तळवे फळीला लागलेले असतात, गुडघे सरळ असतात आणि बाहुली उभी असते. नुसती उभी. आमच्या कंपनीत मी जी वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी त्या पेराएवढ्या जागेत गेली असतील.

"पाय टेकले का?" आबा खालून विचारायचे. आम्ही मचाणावर, कठड्याला पोट टेकवून ओणवे झालेलो. वरून बाहुलीचा दिसतो फक्त टाळू, नाकाचा शेंडा आणि खांदे. पाय दिसतात, पण टेकलेत की तरंगताहेत ते वरून कळत नाही. म्हणून तालमीत समोर मोठा आरसा लावलेला असायचा, आणि आरशाशेजारी खुर्चीत आबा. आरशाकडे बघून मी म्हणायचे, "टेकले." ते म्हणायचे, "आरसा काढला तर?"

आरसा काढल्यावर काय करायचं हे समजायला मला दीड वर्ष लागलं. त्याचं उत्तर डोळ्यांत नव्हतंच. बाहुलीचं वजन तिच्या खांद्यांच्या दोऱ्यांतून तुमच्या हातात येत असतं. तळवे फळीला लागले की त्यातलं थोडंसं वजन फळी घेते, आणि त्या क्षणी हात किंचित हलका होतो. किंचित म्हणजे किती, तर पक्षी फांदीवरून उडाल्यावर फांदीला वाटत असेल तेवढा. हे एकदा मनगटाला कळलं की मग ते विसरत नाही. पण सांगून कळत नाही. आबांनीही ते कधी सांगितलं नाही, फक्त विचारत राहिले.

कंपनी हा शब्द आमच्यासाठी जरा मोठाच होता. पाच माणसं, एक गाडी, चाळीसेक बाहुल्या. आबा लाकूडकाम करायचे, माई कपडे शिवायच्या, एकजण सगळे पुरुषी आवाज काढायचा, एक पोरगा दिवे आणि ध्वनी सांभाळायचा, आणि मी. अर्थात ही वाटणी कागदावरची. प्रयोगाच्या दिवशी सगळे सगळं करत. गाडी चालवणाराच राक्षस असे, आणि तिकिटं फाडणारी दहा मिनिटांनी काळे कपडे घालून मचाणावर राजकन्येला चालवत असे.

आबांच्या हाताखाली आल्यावर पहिली समजूत गेली ती चेहऱ्याबद्दलची. मला वाटायचं, सुंदर बाहुलीचा चेहरा मऊ, गोलसर, गुळगुळीत हवा. आबांनी कोरलेली तरुण मुलगी हातात घेऊन बघितली की दचकायला व्हायचं. गालाची हाडं धारदार, ओठांची कड जणू पटाशीने तोडलेली. पण शेवटच्या रांगेत जाऊन बघा: ती सोळा वर्षांची दिसायची. लांबून आणि वरच्या उजेडात मऊ गोलाई विरघळून जाते, चेहरा बिनचेहऱ्याचा होतो. कड असेल तरच सावली पडते, आणि सावली पडली तरच लांबून गाल दिसतो. विल्यम ॲडिसन ड्विगिन्स हा अमेरिकन अक्षररचनाकार हौसेने बाहुल्या कोरायचा. त्याला हाच अनुभव आला आणि त्याने तो थेट छापाच्या अक्षरांना लावून पाहिला: वळणाच्या जागी जरा धार ठेवली तर बारीक अक्षर वाचताना जास्त जिवंत वाटतं. बाहुलीच्या गालावरून निघालेली कल्पना पुस्तकाच्या पानापर्यंत पोचली, हे मला भारी आवडतं. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग? लाकूड काय, अक्षर काय, लांबूनच बघायचं ना."

एका साध्या माणसाच्या बाहुलीला आम्ही नऊ दोऱ्या लावत असू. डोक्याला कानांपाशी दोन, खांद्यांना दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन. वजन सगळं खांद्यांवर. डोक्याच्या दोऱ्या फक्त मान वळवायला, पाठीची वाकायला. दोऱ्या बांधायचाही क्रम असतो: आधी खांदे, मग डोकं, मग पाठ, हात आणि शेवटी पाय. एकदम पक्की गाठ कुणी मारत नाही. आधी सुरगाठ, मग चालवून बघायचं, मग पुन्हा सोडायची. एका बाहुलीला दिवस जातो. वरची लाकडी फुली, जिला आम्ही सरळ कंट्रोल म्हणायचो, तीही माणसागणिक वेगळी. कुणाला उभी लागते, कुणाला आडवी. नायलॉनची दोरी आबांना चालत नसे. ती दिव्यात चमकते, आणि गुंडाळून ठेवली तर वेटोळं लक्षात ठेवते. वळलेला काळा दोरा, त्यावर मेणाचा हात फिरवलेला, हाच आमचा.

कुणाच्या तरी तालावर नाचणाऱ्या माणसाला आपण 'कळसूत्री बाहुली' म्हणतो. राजकारणावरच्या लेखात हा शब्द आला की मला हसू येतं. मचाणावर तासभर ओणवं उभं राहून बघा. बाहुली खाली ताठ असते. कंबर मोडून तिच्याकडे वाकलेले तुम्ही असता. तिने मान वळवावी म्हणून तुमचं मनगट वळतं, तिला चालायचं असतं म्हणून तुमची पावलं पडतात. तिच्या वजनाविरुद्ध एकही गोष्ट तुम्हाला तिच्याकडून करून घेता येत नाही. मराठीने निदान एका बाबतीत तिचा मान ठेवलाय: डोळ्यातल्या काळ्या टिपक्यालाही आपण बाहुलीच म्हणतो. आणि संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला येणाऱ्या सूत्रधाराच्या हातातलं सूत्र बाहुलीचं असावं, म्हणजे नाटकाआधी बाहुलीचा खेळ असावा, असं रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने मांडलं होतं. ते सगळ्यांना पटलेलं नाही. सूत्र सुताराच्या मापाचंही असू शकतं. आबा दोन्ही होते, त्यामुळे त्यांना वादात रस नव्हता.

बाहुल्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हाइनरिख फॉन क्लाइस्ट हा जर्मन लेखक कधी ना कधी भेटतोच. डिसेंबर १८१० मधे त्याने कळसूत्री रंगभूमीवर एक छोटा निबंध लिहिला. त्यातला एक नर्तक म्हणतो की माणसापेक्षा बाहुलीच जास्त डौलदार, कारण तिला आपण कसे दिसतो याची जाणीव नसते. एका गुरुत्वबिंदूला हलवलं की बाकीचे अवयव लंबकासारखे आपोआप मागे येतात. इथपर्यंत तो खराच आहे. चालताना पाय 'टाकायचे' नसतात, झोका द्यायचा असतो. पण पुढे तो म्हणतो की बाहुलीला जमीन लागते ती फक्त चाटून जाण्यापुरती, परीला लागते तशी. टेकण्याची, विसाव्याची गरज ती माणसाला. इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. क्लाइस्ट प्रेक्षकांत बसला होता. मचाणावर असता तर त्याला कळलं असतं की जमीन नुसती चाटून जाणारी बाहुली परी दिसत नाही, टांगलेली दिसते. खुंटीवरच्या कोटासारखी. तिला वजन आहे असं वाटलं तरच तिला जीव आहे असं वाटतं, आणि वजन दिसायला जमीन लागते.

जगभरच्या बाहुलीवाल्यांनी या पायांवर किती डोकं चालवलंय ते बघण्यासारखं आहे. राजस्थानच्या कठपुतळीवाल्यांनी प्रश्नच काढून टाकला: पायच नाहीत, लांब घोळदार घागरा, एखाद-दोन दोऱ्या, आणि तोंडातल्या छोट्या शिट्टीचा चिरका आवाज. मग ती बाहुली गिरक्या घेते, झेपावते, आणि पायांची आठवणही होत नाही. चेक परंपरेत डोक्यातून एक जाड तार वर जाते. तिने बाहुली घट्ट दाबून उभी करता येते, मग ती पाय आपटतही चालते. सिसिलीचे चिलखतवाले सरदार लोखंडी सळ्यांवर असतात. कातानियाचे तर माणसाच्या निम्म्याहून उंच आणि इतके जड की त्यांचे गुडघे वाकतच नाहीत; पालेर्मोचे लहान, त्यांचे वाकतात. जपानच्या बुनराकूमधे एकेका बाहुलीला तीन माणसं, त्यातलं एक फक्त पायांसाठी. पायांची दहा वर्षं, मग डाव्या हाताची दहा, आणि मग कुठे डोकं, असं तिथे पूर्वापार म्हणतात. गंमत म्हणजे स्त्री बाहुल्यांना तिथेही बहुधा पाय नसतात. पाय सांभाळणारा माणूस किमोनोची कड अशी हलवतो की पाऊल पडल्यासारखं दिसतं. आणि लंडनमधे कालव्यात नांगरलेल्या जुन्या मालवाहू नावेवर १९८२ पासून एक कळसूत्री नाट्यगृह चालतं. तिथल्या लोकांचा मला हेवाही वाटतो आणि कीवही येते. बाहुलीचे पाय टेकवायचे, तेही पाण्यावर!

आमचं पितळ उघडं पडलं ते एका मोठ्या सभागृहात.

तोवर आम्ही शंभर-सव्वाशे माणसांसमोर खेळायचो. त्याचं कारण सरळ भूमितीचं आहे. दोन फुटांची बाहुली अमुक रांगांच्या पलीकडे दिसत नाही. तिला मोठी करावी तर वजन वाढतं आणि वजनाला माणसं लागतात. म्हणजे कळसूत्रीच्या छोट्या कंपनीच्या उत्पन्नाला बाहुलीच्या उंचीचंच छत असतं. पाऊण तासाच्या खेळाआधी तीन तास मचाण बांधायचं, नंतर दीड तास सोडायचं, आणि तिकिटं मात्र शंभर-सव्वाशे. ही आकडेमोड कुठल्याच शतकात जुळलेली दिसत नाही. हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने बाहुल्यांसाठी संगीतिका लिहिल्या, कारण एस्टरहाझी सरदाराच्या वाड्यात १७७३ पासून बाहुल्यांचं स्वतंत्र नाट्यगृहच होतं आणि पैशाचा विचार करायला सरदार होता. ज्यांना सरदार मिळाला नाही त्यांनी घरची माणसं वापरली. साल्झबुर्गचं प्रसिद्ध नाट्यगृह अँटोन आइशर या शिल्पकाराने १९१३ मधे काढलं, आणि मुलगा, मग नात अशा तीन पिढ्या त्याच घराने ते ओढलं. लॉस एंजेलिसमधे बॉब बेकर आणि आल्टन वूड यांनी १९६३ मधे काढलेल्या थिएटरात मुलं जमिनीवर बसतात आणि बाहुल्या त्याच जमिनीवर, मुलांच्या गुडघ्यांपाशी नाचतात. चालवणारा माणूस उघड दिसतो. बेकर २०१४ मधे गेला, मूळ इमारतही सोडावी लागली, पण २०१९ मधे खेळ नव्या जागी उभा राहिला. अशा बातम्या आम्ही एकमेकांना पाठवायचो. आडगावच्या नातेवाइकांची खुशाली कळावी तशा.

तर ते सभागृह. आयोजक म्हणाले, हजार माणसं येतील, दिसण्याची काळजी करू नका, दोन्ही बाजूंना पडदे लावू, कॅमेरा लावू. आबांचं मन नव्हतं. आम्हा बाकीच्यांचं होतं. दहा प्रयोगांचे पैसे एका संध्याकाळी येणार होते, गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. मी सगळ्यांत जास्त बोलले, हेही कबूल केलं पाहिजे.

प्रयोग ठीक चालला होता. मग कॅमेरावाल्याला वाटलं, जवळून दाखवावं. त्याने राजकन्येचे पाय धरले. मचाणावरून मला डावीकडचा पडदा तिरका दिसत होता, आणि त्यावर माणसाएवढे मोठे दोन लाकडी पाय. जमिनीपासून चांगले वीतभर वर. लंबकासारखे हलकेच डोलणारे. संवाद चालू होता, राजकन्या बापाला सोडून जात होती, माईंनी आवाजात जीव ओतला होता, आणि हजार माणसं तिचे तरंगते पाय बघत होती. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. कुणी हसलं नाही. ती माझी बाहुली होती. मी घाईघाईने हात खाली केला, तर पडद्यावर गुडघे मोडले.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. आबा तर पुढचे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाले, "आता महिनाभर चालायचं नाही. उभं राहायचं."

तो महिना मला माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा जास्त आठवतो. सकाळी प्रत्येकाने आपली बाहुली घ्यायची, मचाणावर चढायचं आणि तिला उभं करायचं. पाच मिनिटं, मग दहा. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण उभं राहणं म्हणजे स्थिर राहणं नसतं हे तिथे कळलं. माणूस उभा असतो तेव्हा तो सतत थोडं पडत आणि स्वतःला सावरत असतो. बाहुलीला अगदी निश्चल धरली की ती लगेच लाकूड होते. तिचं वजन या पायावरून त्या पायावर जावं लागतं. श्वास घेतल्यासारखे खांदे केसभर वर यावे लागतात, आणि ते वर येताना पाय मात्र सुटता कामा नयेत. तिसऱ्या आठवड्यात आमचा दिवेवाला पोरगा, ज्याला कुणी बाहुली दिली नव्हती, खालून म्हणाला, "आबा, म्हातारा कंटाळलाय." आबांच्या हातातला म्हातारा खरोखर कंटाळलेला दिसत होता. आबांनी काहीच केलं नव्हतं, फक्त वजन डाव्या पायावर टाकलं होतं.

त्या कंटाळलेल्या म्हाताऱ्याचाच पुढे प्रयोग झाला. बारा मिनिटांचा, बिनसंवादाचा. एक म्हातारा येतो, थांबतो, कुणाची तरी वाट बघतो, स्टुलावर बसतो, उठतो. एवढंच. परी नाही, राक्षस नाही. मला वाटलं होतं मुलं पाचव्या मिनिटाला चुळबुळ करतील. पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून मंचापाशी आली आणि त्याला म्हणाली, "येईल." आबांनी म्हाताऱ्याची मान तिच्याकडे वळवली. उत्तर दिलं नाही. ती परत जागेवर जाऊन बसली.

२०२० मधे सगळ्यांचे खेळ थांबले, आमचेही. बाहुली ठेवायची पद्धत अशी: तिला टांगून गोल गोल फिरवायचं, सगळ्या दोऱ्यांना मिळून एक पीळ बसतो, मग कापडी पिशवीत घालायचं. पुन्हा काढली की उलट फिरवायची, पीळ उकलतो, गुंता होत नाही. जवळजवळ दोन वर्षं चाळीस बाहुल्या त्या पिळात लटकत राहिल्या. आबा मधेच गेले. काय झालं, कसं झालं, ते इथे लिहीत नाही. त्या वर्षी ज्यांच्या घरात असं झालं त्यांना ते माहीत आहे.

पिशव्या उघडल्या तेव्हा लाकूड ओल धरून फुगलं होतं, काही गुडघे अडकत होते, दोरे कुठे सैल पडले होते, कुठे आखडले होते. ते आपलं नेहमीचं काम. म्हाताऱ्याची पिशवी माईंनी सगळ्यात शेवटी काढली आणि माझ्याकडे दिली. "बघ गं उलगडतोय का." मी त्याला उलटा फिरवला, पीळ सुटला, नऊच्या नऊ दोऱ्या सरळ झाल्या. मचाणावर चढून कंट्रोल हातात घेतलं, आणि म्हातारा गुडघ्यांतून खचला.

दोऱ्यांची लांबी चालवणाऱ्याच्या उंचीवर ठरते. उभं राहून कोपर वाकवलं की हात जिथे येतो तिथपासून फळीपर्यंत. उंच माणसाच्या दोऱ्या बुटक्याच्या हातात लांब पडतात. आबा माझ्यापेक्षा चार बोटं तरी उंच होते. हात वर ताणून धरला तर म्हातारा उभा राहायचा, पण मिनिटाभरात माझा दंड थरथरायला लागे आणि मग तोही. उपाय एकच: दोऱ्या सोडून माझ्या मापाने पुन्हा बांधायच्या. अशा डझनभर बाहुल्या मी बांधल्या होत्या.

कात्री घेऊन बसले. खांद्याची गाठ बघितली. आबांची गाठ ओळखू यायची. शेवटचा वेढा ते उलटा घ्यायचे, का ते कधी कळलं नाही. मी कात्री ठेवली. तालमीच्या खोलीच्या कोपऱ्यात जुन्या मंचाची एक फळी पडली होती, ती आणली. मोजली. तिच्यावर आणखी एक फळी खिळवली, म्हणजे चार बोटं झाली.

माईंनी काही विचारलं नाही. मी मचाणावर फळी टाकून वर उभी राहिले तेव्हा त्या खाली आबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग त्या म्हणाल्या, "पाय टेकले का?"

आता गाडी भरताना आधी मचाणाचे पाय चढतात, मग कठडा, मग ती फळी. नव्या आलेल्या मुलाने परवा तिच्यावर खडूने 'आबा' असं लिहून ठेवलं, चुकून दुसऱ्या सामानात जाऊ नये म्हणून. म्हाताऱ्याच्या डाव्या गुडघ्याची दोरी मात्र मागच्या महिन्यात प्रयोगात तुटली. ती मी बदलली. माझ्या गाठीने.